मांजराचा भात

मी तसा भांडखोर माणूस नाही. बावीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे बसलेला माणूस भांडखोर राहूच शकत नाही. त्याच्या वाटचं भांडण समोरची रांग रोज सकाळी साडेदहापासून करून टाकते. त्यामुळे मी कुणाशी भांडायला उभा राहिलो, तर प्रकरण खरोखरच हाताबाहेर गेलंय असं समजावं. तर ते गेलेलं आहे. माझं भांडण राईस प्लेटशी आहे. नीट सांगायचं तर राईस प्लेटमधल्या राईसशी, आणि आणखी नीट सांगायचं तर राईस प्लेटमध्ये नसलेल्या राईसशी.

त्याचं असं झालं. घरची मंडळी लग्नाला अंबाजोगाईला गेली होती, त्यामुळे डबा बंद. दुपारी बीडच्या बसस्टँडकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका खानावळीत शिरलो. नाव सांगत नाही, कारण मला पुन्हा तिथंच जेवायचं आहे. दारावर बोर्ड : ‘राईस प्लेट १२० रु.’ मी पैसे भरून कूपन घेतलं, बाकावर जागा धरली आणि ताट आलं. तीन पोळ्या, एकमेकींवर ठेवूनही खालचा पेपर वाचता यावा इतक्या पातळ. एक सुकी भाजी, एक पातळ भाजी, वरणाची वाटी, कांद्याच्या दोन चकत्या, पापड. आणि त्या खणाखणाच्या स्टीलच्या ताटातल्या सगळ्यांत लहान खणात, जिथं पूर्वी मीठ आणि लिंबाची फोड असायची, तिथं भात.

भात म्हणजे मूद. मूद म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे लग्नाच्या पंगतीतली, वर वरण आणि तुपाची धार असलेली गोष्ट येते. ही मूद चटणीच्या वाटीत थापून उपडी केली होती. वर कोथिंबिरीचं एक पान होतं, वृंदावनात तुळस असावी तसं. मी वरण ओतलं, पहिला घास घेतला, आणि दुसरा कालवायला बोटं नेली तर ताटाला लागली. भात संपला होता.

‘‘भात आण रे,’’ मी पोराला म्हटलं.

‘‘एक्स्ट्रा?’’

‘‘एक्स्ट्रा कशाला? राईस प्लेटमधला राईस आण.’’

‘‘तो झाला की साहेब. एक्स्ट्रा तीस रुपये.’’

आता मी बी. कॉम. आहे. माझ्या बी. कॉम.चा उपयोग बँकेला काय झाला हे बँकेनं आजवर सांगितलेलं नाही, पण खानावळीत मला तो नेहमी होतो. मी कागदी रुमालावर हिशेब मांडला. एक वाटी शिजलेला भात म्हणजे कच्चा तांदूळ पन्नास-पंचावन्न ग्रॅम. तांदूळ पन्नास रुपये किलो धरला तरी पावणेतीन रुपये. गॅस, पाणी, मीठ, पोराची चाल आणि मालकाचा मनस्ताप धरून पाच रुपये करा. विक्री तीस. म्हणजे पाच रुपयांवर पंचवीस रुपये नफा, पाचशे टक्के! एवढा नफा जर आमच्या बँकेला एका तिमाहीत झाला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी दारात तपासणी पथक उभं राहील.

बरं, नावाचं काय? ‘शाकाहारी ताट’ म्हणा, ‘पोळी प्लेट’ म्हणा, ‘पापडासह अल्पोपाहार’ म्हणा, माझी तक्रार नाही. पण बोर्डावर राईस आणि ताटात वास, याला आमच्या ताळेबंदाच्या भाषेत फार वाईट शब्द आहेत. शेजारच्या मोठ्या हॉटेलात तर दोन बोर्ड आहेत : ‘थाळी लिमिटेड’ आणि ‘थाळी अनलिमिटेड’. लिमिटेड हा शब्द कंपनी कायद्यातला. कंपनी बुडाली तर भागधारकावर येणारी जबाबदारी मर्यादित, एवढाच त्याचा अर्थ. खानावळीत मर्यादित काय असतं? मालकाची जबाबदारी! आणि बुडतो कोण? तर गिऱ्हाईक, तेही अर्ध्या पोटी.

तुम्ही म्हणाल, बीडच्या माणसानं भातासाठी एवढं आकांडतांडव करावं का? आम्ही मूळचे ज्वारीचे लोक. हे अगदी खरं आहे. माझे वडील सांगत की त्यांच्या लहानपणी भात सणाला व्हायचा, नाहीतर पाहुणा आला तर. आणि पाहुणा भातावरून हात फिरवून उठेपर्यंत पोरं दारामागे उभी. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर सुकडी मिळायची आणि रेशनला परदेशी लाल मिलो. त्या मिलोच्या भाकरीची आठवण निघाली की वडील अजूनही पाणी मागतात. माझा आपला अंदाज असा की म्हणूनच आमच्याकडे खानावळीच्या ताटाला ‘राईस प्लेट’ हे नाव एवढं मानवलं. ज्वारीच्या मुलखात ताटाला भाताचं नाव, म्हणजे आडवाराच्या पैशात सणाचं जेवण. खेड्यावरून तालुक्याला किंवा कोर्टाच्या तारखेला आलेला माणूस घरी भाकरी खातच होता. तो खानावळीत शिरायचा तो भात खायला.

मी कॉलेजात असताना एका मावशींच्या मेसला होतो. महिन्याचे पैसे आगाऊ, हिरव्या कूपनांचं पुस्तक, रविवारी संध्याकाळी मेस बंद. पोळ्या मोजून चार. भाजी एकदाच. पण भाताची बादली! पंगत अर्धी झाली की मावशींचा मुलगा बादली घेऊन निघायचा आणि ‘भात, भात, भात’ करत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचा. त्याच्या आवाजात एसटी कंडक्टरची तटस्थता होती. कुणाला किती याच्याशी त्याला कर्तव्य नसे. एकच नियम : टाकलं तर मावशी स्वतः येऊन ताटाकडे बघत उभ्या राहायच्या. काही बोलायच्या नाहीत. मी एकदा दोन घास टाकले होते. त्यानंतर आजतागायत, लग्नाच्या बुफेतसुद्धा, मी ताट स्वच्छ करतो. मावशी काही दानधर्म करत नव्हत्या. पोळीला हात लागतात, भाजीला तेल लागतं, भाताला फक्त मोठं पातेलं लागतं, एवढा साधा व्यवहार त्यांना कळत होता. त्या चौथी शिकल्या होत्या.

असो. मी त्या दिवशी तीस रुपये दिले नाहीत. तत्त्व म्हणून. आणि तेवढ्यात माझं लक्ष समोर गेलं.

समोरच्या बाकावर पाटोद्याकडचा एक शेतकरी बसला होता. मी त्याला ओळखलं, कारण सकाळी मीच त्याला परत पाठवला होता. पीककर्जाचं काम होतं, त्याचा सातबारा जुना होता, मी म्हटलं होतं, ‘‘नवीन उतारा काढा आणि जेवणानंतर या.’’ ‘जेवणानंतर’ म्हणजे माझ्या जेवणानंतर, हे आमच्या व्यवसायात गृहीत असतं. त्यानं मला बघितलं आणि बाकावरून अर्धवट उठून ‘‘साहेब’’ म्हणाला. पोळ्या त्यानं सहा घासांत संपवल्या होत्या. भाताची ती मूद त्यानं बोटांच्या एका फेरीत उचलली. मग पोराकडे बघून नुसतं ‘‘भात?’’ म्हणाला. पोरानं तीस रुपये सांगितले. त्यानं खिशाला हात लावला, उताऱ्याचे, झेरॉक्सचे, परतीच्या गाडीचे मनात मोजले असावेत, आणि म्हणाला, ‘‘नको. झालं माझं.’’ मग तो स्टीलचे दोन ग्लास पाणी सावकाश प्याला आणि उठला.

त्याला ‘घ्या हो भात, माझ्याकडून’ असं म्हणायला मला किती वेळ लागला असता? पण माझ्या तोंडात पापड होता. आणि खरं सांगायचं तर मी अजून तत्त्वाच्या तीस रुपयांतच अडकलो होतो.

दुसऱ्या दिवशी ही हकिगत मी बँकेत जेवणाच्या सुट्टीत सांगितली. (शेतकऱ्याचा भाग गाळून. प्रत्येक हकिगतीत काही नोंदी वर्ग करायच्या असतात.) आमच्या हेडकॅशियर साहेबांचा मुलगा नोकरीनिमित्त इंडोनेशियात असतो. त्यामुळे बीडमध्ये काहीही झालं तरी साहेबांकडे इंडोनेशियातलं त्याच्या वरचढ उदाहरण तयार असतं. आमच्याकडे उकाडा म्हटलं की तिकडे ज्वालामुखी. साहेबांनी मोबाईल काढला आणि एक फोटो दाखवला. केळीच्या पानाची पुडी उघडलेली, आत मूठभर भात, त्यावर बोटाच्या पेराएवढा मासळीचा तुकडा आणि लाल ठेचा.

‘‘हे बघा. नासी कुचिंग. जावा बेटावर योग्यकार्ता गावात मिळतं. नासी म्हणजे भात, कुचिंग म्हणजे मांजर. मांजराचा भात!’’

सगळे हसले. मीही हसलो. मग हळूहळू माझं हसणं थांबलं. कारण साहेब जे पुढे सांगत होते ते ऐकून मला त्या जावातल्या लोकांचा मत्सर वाटायला लागला. तिथं संध्याकाळी रस्त्याच्या कडेला हातगाडी लागते, आंगक्रिंगान म्हणतात. कोळशाची शेगडी, चहाच्या किटल्या, वर ताडपत्री. गाडीवर या भाताच्या पुड्या रचलेल्या. पुडी एवढीशी, मांजरापुढे मासळी-भात ठेवावा तेवढी, म्हणून हे नाव. किंमतही तशीच मांजराएवढी. सायकलरिक्षावाला येतो, विद्यार्थी येतो, हपीसातला बाबू येतो. एकाच बाकावर टेकतात. ज्याला जेवढी भूक तेवढ्या पुड्या तो उचलतो, एक, दोन, चार, आणि शेवटी आपण काय काय खाल्लं ते स्वतःच सांगून पैसे देतो.

सज्जनहो, यात मला दोन गोष्टी दिसल्या. एक म्हणजे थोडा भात विकणं हा गुन्हा नाही. दुसरी म्हणजे तो थोडा आहे हे नावातच सांगून टाकायला हिंमत लागते. त्यांनी मांजराच्या मापाच्या भाताला मांजराचा भात म्हटलं, मांजराचेच पैसे घेतले, आणि वाघाची भूक असलेल्या माणसाला चार पुड्यांची मोकळीक ठेवली. आम्ही माप मांजराचं ठेवलं, दर वाघाचा लावला आणि नाव दिलं राईस प्लेट.

पोट भरायची ही अक्कल त्या लोकांना भाताच्या बाबतीत एकूणच जास्त असावी. त्यांच्याकडे शेतात उभ्या पिकाला पाडी, कच्च्या तांदळाला बेरास आणि शिजल्यावर नासी, असे तीन शब्द आहेत. आपणही साळ, तांदूळ, भात म्हणतोच. बिचाऱ्या इंग्रजाकडे या सगळ्याला मिळून एक राईस. आणि आम्ही बोर्डावर नेमका त्याचाच शब्द लिहितो, म्हणजे पोत्यातला की पातेल्यातला याची जबाबदारी नको! त्यांच्या ‘वारुंग’ नावाच्या घरगुती खानावळी असतात, त्यांत तेगल गावच्या लोकांनी जकार्तात चालवलेल्या तर मजुरांसाठी प्रसिद्ध आहेत. काचेमागे भाज्या मांडलेल्या. ताटात आधी भात घालायचा आणि मग बोटानं दाखवायचं, हे द्या, ते द्या. आधी भात! म्हणजे ताटाचा पाया भात, बाकीचं वरचं बांधकाम. आमच्याकडे पाया चटणीच्या वाटीएवढा.

माझा भाचा पुण्यात असतो. त्यानं मला एकदा ‘मामा, इंडोनेशियन खाऊ’ म्हणून नेलं आणि नासी गोरेंग खायला घातलं. साडेतीनशे रुपये. नासी भात, गोरेंग परतलेला. म्हणजे रात्रीच्या उरलेल्या भाताला सकाळी आमची ही फोडणी घालते तेच, वर एक अंडं. मी काही बोललो नाही. पैसे भाचा देत होता.

आता प्रतिपक्षाचं ऐकू. एक डॉक्टर मित्र म्हणतात, ‘‘बरं झालं भात कमी केला. साखर वाढते.’’ डॉक्टरसाहेब, साखर माझी वाढते. दिवसभर खुर्चीवर बसून आकडे उतरवणाऱ्याची वाढते. मोंढ्यात सकाळपासून पोती वाहून आलेल्या हमालाची साखर काय वाढणार? माझ्या रक्ताच्या रिपोर्टवरून त्याच्या ताटातला भात कमी करणं म्हणजे एकाच्या थकबाकीसाठी दुसऱ्याच्या घराला कुलूप लावणं झालं.

दुसरे एक म्हणतात, स्वस्त जेवण सरकारनं द्यावं, खानावळवाल्यानं का? दिलं की सरकारनं. १९९५ साली युतीचं सरकार आलं तेव्हा एक रुपयात झुणका-भाकर निघाली. पुढं बऱ्याच ठिकाणी झुणका गेला, भाकर गेली आणि टपरी तेवढी राहिली. मग २६ जानेवारी २०२० पासून शिवभोजन थाळी आली, दहा रुपयांत. कोरोनात ती पाच रुपयांना झाली आणि २०२१ मध्ये काही काळ फुकट. त्या थाळीचं माप सरकारनं कागदावर लिहून दिलं होतं : तीस-तीस ग्रॅमच्या दोन चपात्या, शंभर ग्रॅम भाजी, शंभर ग्रॅम वरण आणि दीडशे ग्रॅमचा एक मूद भात. शासनाच्या कागदात ‘मूद’ हा शब्द बघून मला भरून आलं होतं. दुपारी बारा ते दोन वेळ. भुकेलाही हपीसची वेळ पाळावी लागे. मी सरकारवर हसत नाही. पण त्या दहा रुपयांत एक मूद भात लिहून दिलेला होता आणि मोजून घेता येत होता. मी एकशेवीस मोजले होते.

एक खोच मात्र सांगतोच. त्या थाळीचा खर्च सरकारनं शहरात पन्नास रुपये धरला होता आणि खेड्यात पस्तीस. गिऱ्हाइकाचे दहा वजा जाता बाकी अनुदान. ताट तेच, ग्रॅम तेच, खेड्यात पंधरा रुपये कमी. आता तेल आणि गॅसची टाकी शहरातून खेड्यात येताना वाटेत स्वस्त कशी होते, हे वाणिज्य शाखेत आम्हाला शिकवलं नव्हतं.

आणि तिसरे प्रतिपक्षी म्हणजे ‘एवढ्याशा भातानं काय होतं’ म्हणणारे. त्यांनी दसऱ्यानंतर बीडच्या कुठल्याही रस्त्यावर संध्याकाळी उभं राहावं. ऊसतोडीला निघालेल्या ट्रका, ट्रॅक्टर. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशी आमच्याकडे माणसं मोजतात. उचल घेतलेली, पोरं आणि कोंबड्या सामानावर बसवलेल्या, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात कारखान्याच्या फडावर निघालेली. पूर्वी अशी गाडी रस्त्याकडेच्या खानावळीशी थांबली की माणसं फडक्यात बांधलेली भाकरी सोडायची आणि नुसतं वरण किंवा पातळ भाजी विकत मागायची. मालक पातेल्यातून पळीभर जास्तच घालायचा आणि पोरांपुढे भात वाढायचा, हिशेबात न धरता. आता त्याच भिंतीवर बोर्ड आहे : ‘बाहेरील खाद्यपदार्थ आत आणू नयेत.’ स्वतःची भाकरी या माणसांना बाहेरची झाली! साऱ्या राज्याचा चहा गोड करणारी ही माणसं, आणि त्यांच्या पोराला वाटीभर भात तीस रुपये.

तर या सगळ्या मुद्द्यांची मी जुळणी केली आणि परवा पुन्हा त्या खानावळीत गेलो. ताट घेतलं, एक्स्ट्रा भाताचे तीस रुपयेही या खेपेला आधीच दिले, म्हणजे फुकट्या म्हणायला जागा नको. मालक गल्ल्यावर होते. मी म्हटलं, ‘‘मालक, दर वाढवा. दीडशे करा. पण भात पोटभर द्या. नाहीतर बोर्डावर खरं नाव लिहा.’’ आणि त्यांना मांजराच्या भाताची गोष्ट सांगितली. अगदी रंगवून सांगितली.

मालकांनी शांतपणे ऐकून घेतली. सुटे मोजत म्हणाले, ‘‘साहेब, तुमी बँकेतलेच ना?’’

‘‘हो.’’

‘‘मंग मला एक सांगा. मागल्या साली मी मुद्रा लोनचा अर्ज केला. किशोरमधी. दोन लाख मागितले. मोठं पातेलं, दुसरी शेगडी, एक फ्रीज. तुमच्या लोकांनी सहा महिने फिरवलं आन् दिले पन्नास हजार. शिशूमधी बसतंय मनले. चाळिशीचा घोडा मी, मला शिशू केलं. अजून पायजे मनलं तर मनले, नवीन फाईल करा. आता तुमी एवढे शिकलेले. ते माप कोणाच्या भाताचं व्हतं?’’

मी त्यांना शिशू, किशोर आणि तरुण यांतला फरक समजावून सांगायला सुरुवात केली. शिशू म्हणजे पन्नास हजारांपर्यंत, किशोर म्हणजे त्यापुढे पाच लाखांपर्यंत, असं सांगताना माझा आवाज मलाच त्या बादलीवाल्या पोरासारखा येऊ लागला, फक्त बादली रिकामी होती. अडीच वाजत आले होते. मी हात धुतले आणि जायला निघालो. दारात आठवण झाली.

‘‘मालक, माझा एक्स्ट्रा भात यायचा राहिला की! पैसे दिलेत मी.’’

‘‘कुकर लावलाय साहेब,’’ मालक मान वर न करता म्हणाले, ‘‘जेवणानंतर या.’’